शेड नंबर

पद्मजाने पालमपूरहून कुरिअरने पाठवलं:
खोक्यात ओलं शेवाळ, शेवाळात करंगळीएवढी काडी,
काडीला पाच पानं, दर पानाला सात बोटं.
मेपल म्हणतात. चिठ्ठीत एवढंच,
"काका, ऊन सकाळचं द्या. दुपारचं नको."

दुपारचं नको म्हणे!
विडी घरकुलात दुपार
पत्र्यावरून उतरून घरात येऊन बसते,
पाणी मागते.

राजव्वा तेंदूची पानं कातरत होती.
रोज हजार पानं जातात तिच्या हातून.
एक नजर टाकून म्हणाली,
"ह्याची बिडी वळायची नाही."

मी अडतीस वर्षं डायहाऊसात.
लाल मला विचारा.
मीठ टाकल्याशिवाय लाल सुताला धरत नाही;
पोत्यानं ओतलंय हौदात,
घरची आमटी मग अळणीच लागायची.

आणि ह्या झाडाला नेमकं मीठच चालत नाही.
बोअरचं पाणी दोन आठवडे घातलं
तर बोटांची टोकं करपली.
नळ पाचव्या दिवशी. तो कुणाकुणाला पुरणार?
मग कोपऱ्यावरच्या एटीएमचा एसी ठिबकतो,
त्याखाली डबा लावला.
वॉचमन मडिवाळप्पा म्हणाला,
"लोक पैसे काढतात, तुम्ही पाणी काढा."

मे महिन्यात चव्वेचाळीस.
कुंडीवर सेकंडची चादर ताणली, मोराची,
वीण चुकलेली, एका मोराला मानच नाही.
त्या बिनमानेच्या सावलीत
झाड लाल सोडून हिरवं झालं.
रंग कच्चा होता, म्हटलं.
असला लॉट शेठनी माझ्या अंगावर फेकला असता.

पावसाळा गेला. तीन पानं उरली, मग नवीन सहा.
मोजायचं सोडून दिलं.

गड्ड्याच्या दिवसांत, थंडीनं बोटं आखडलेली,
सकाळी बघतो तर खालचं एक पान.

ट्रंकेतून शेडबुक काढलं,
सुताच्या लडी एकेक पानाशेजारी धरल्या.
एकशे चौदा: जवळ, पण जड.
एकशे सतरा: निळसर झाक.
बाकीच्या तर लांबच.
शेवटी कोऱ्या पानावर नवा नंबर घातला,
तारीख घातली,
मिठाच्या रकान्यात शून्य.
असं शून्य कधी लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात राजव्वा ओरडली, नळ आला.
वही तशीच उघडी टाकून
घागरी घेऊन पळालो.