इतर

मंगळवारी यादविगा येते.
काचेच्या बरणीत दूध, तोंडाला फडकं बांधलेलं.
"किती?" विचारते.
"कसं आहे?" असं या खोलीत कुणी विचारत नाही.

एकोणसत्तर, मी सांगते. शंभराच्या आत.
शाळेत पोराचे गुण ऐकावेत तशी ती ऐकते.

तिच्या लिस्काला आम्ही निळी गोळी चारतो,
धुण्याच्या निळीची सख्खी बहीण.
पोटात सीझियमला बखोटीला धरते
आणि शेणावाटे बाहेर काढते.

गाईचं सोपं. जमिनीला गोळी कशी चारणार?
ओढ्यापलीकडचा तुकडा
चौतीस वर्षं लाल पाटीमागे पडीक होता.
मागच्या शरदात त्सिमाफेईने तिथं खोल नांगर घातला,
वरची माती खाली, खालची वर.
मग चुना. मग पोटॅश, पोतीच्या पोती.
मुळं भोळी, पोटॅश समजून नको ते उचलतात;
पण घरी पोटभर जेवलेलं पोर
दारोदार हात पसरत नाही
(हे खात्याच्या पत्रकात नाही, माझं आहे).
आधी रेपसीड पेरलं. ते तेलात उतरत नाही,
पेंडीत राहतं.
जून महिन्यात सगळं पिवळं झालं तेव्हा
रस्त्यावरचे ट्रक थांबून बघत होते.
उतरलं मात्र कुणी नाही.

त्या नांगरटीत फाळाला काहीतरी खणकन लागलं होतं.
शेगडीची फरशी, अर्धी,
तिच्यावर निळा कोंबडा, मान तेवढी शिल्लक.
तिथं घरं होती. घरंही पुरली तेव्हा,
माणसांसारखीच, फक्त क्रूस न लावता.

ती फरशी यादविगाने आज पिशवीतून काढली,
दुधाच्या बरणीशेजारी ठेवली.
"हिच्यात काही आहे का, बघ."

मी मोजली. अर्धा तास लागतो.
अर्धा तास ती बाकावर बसून होती, कोट न काढता.
दुधापेक्षाही कमी, मी म्हणाले.
"बस्स? एवढंच?"
तिला काय हवं होतं, मला कळलं नाही;
कळलं असतं तरी यंत्रात तो आकडा नव्हता.

"मग पावती दे. शिक्क्यासकट."

नमुन्याचा प्रकार: दूध, धान्य, आळंबी, इतर.
मी इतरवर खूण केली.
मालकाचं नाव?
तिने एक नाव सांगितलं, तिचं नव्हे.
मी लिहून घेतलं.

जाता जाता दारातून म्हणाली,
जव उगवलेत. विरळ आहेत.
कोंबड्यांना बघवत नाहीत इतके विरळ.