चौथा मजला, ॲडम्स स्ट्रीट

लिफ्ट आजही दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये
क्षणभर थबकली,
गॅस बंद केला का ते आठवणाऱ्या बाईसारखी,
आणि मग आली वर.
तिला कोणी काही सांगितलेलं नाही.

टोलीडोत सकाळपासून भुरभुर बर्फ.
मॉमी नदीवरचा वारा थेट आमच्या तिसऱ्या खिडकीत शिरतो,
जिच्या फटीत कॅझने अठ्ठ्याऐंशी साली
वर्तमानपत्राची घडी कोंबली होती.
आज ती ओढून काढली.
एका बाजूला काचकारखान्यातला संप,
दुसऱ्या बाजूला बटाट्याचे भाव.
खरं सांगते, मी आधी भावच वाचले.

आम्ही काटे तपासायचो.
गावभरचे. भंगारवाल्यांचे, खाटकांचे,
धान्याच्या कोठारांवरचे लोखंडी ओटे, ट्रकच्या ट्रक पेलणारे,
आणि औषधाच्या दुकानांतले, श्वासानेही हलणारे.
कुणाच्या मापात पाप आहे
हे त्याच्या बायकोआधी आम्हाला कळायचं.
बोलायचो नाही. दुरुस्त करायचो,
लाल पट्टी चिकटवायचो, पावती फाडायचो.

नवी जागा हायवेलगत आहे. एकमजली.
खिडक्या उघडत नाहीत, पार्किंग फुकट.
मालकांचा मुलगा म्हणतो, तिथे सगळं आपोआप होईल.
"मग आपण काय, बघत बसायचं?" व्हर्ना म्हणाली.
तो हसला. चांगला मुलगा आहे.
लहानपणी दर वाढदिवसाला मोठ्या काट्यावर उभा राहायचा;
भिंतीवर पेन्सिलीने त्याचे पौंड अजून आहेत,
सातव्या वर्षी एकदम वाढलेले.
त्या वर्षी त्याची आई गेली
आणि आम्ही सगळेच, एकमेकांच्या नकळत,
त्याला डोनट देत होतो.

खाली कोपऱ्यावर नजीबच्या काउंटरवर
शेवटचं मसुराचं सूप प्यायले.
त्याने पैसे मोजून घेतले, सुटे परत दिले.
न घेता, तर मला रडू फुटलं असतं,
हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

दुपारी वजनांची पाळी आली.
पितळी, मखमलीच्या खाचांत निजलेली,
पन्नास पौंडांपासून पार गुंजेपर्यंत उतरत गेलेली.
त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही.
बोटांचं तेल, घाम, तेही वजनच असतं,
हे मला ओडेलने शिकवलं, एकोणतीस वर्षांपूर्वी,
पांढरे हातमोजे पुढे सरकवत,
नावही विचारायच्या आधी.

ओडेल हायवेवर येणार नाही. त्याचं आजच संपतं.
त्याने मूळ वजन उचललं, बाकीची ज्याच्यावरून जुळवायची ते,
दिव्याखाली फिरवून पाहिलं,
मग उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि अंगठा टेकवला पितळेवर.
नीट. दाबून.
खरेदीखतावर उठवतात तसा.

रेडिएटर खडखडला.
व्हर्नाच्या हातातली चिकटपट्टी मध्येच थांबली.
ओडेलने हातमोजा परत चढवला, चेन काढलेलं जाकीट शोधू लागला
आणि म्हणाला, इथे कायमच गार असतं.

मी ते पुसायला हवं होतं.
स्पिरिट, कापूस, पुन्हा तोलणं, तारीख, सही.
कितीदा केलंय, झोपेतही जमेल.
मी झाकण लावलं.
नोंदवहीत "फरक" या रकान्यात
पेन टेकवून बसले, तर शाईचा ठिपका पसरत गेला.
तोच राहू दिला.

सामान नेणारी पोरं आली, विशीतली, घाईत.
एकाने पेटीला पाय लावून विचारलं, जड आहे का?
आहे, म्हटलं. लिहिलंय त्याहून थोडी जास्तच.
दोघं धरा.
आणि लिफ्ट मध्येच थांबेल, घाबरू नका,
येते ती खाली.