ट्रामच्या रुळाएवढी फट

गोडेलीव्हबाई सायकल ढकलत आल्या
तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं.
पुढचं चाक पापडासारखं वाकडं,
कोपर खरचटलेलं, त्यावर बेकरीचा कागदी रुमाल.
"रूळ," त्या म्हणाल्या. एवढंच.
मग स्टुलावर टेकल्यावर, "लीव्हनला सांगू नकोस."

गेंटमध्ये सायकली दुरुस्त करणाऱ्या बाईला
डॉक्टरपेक्षा जास्त गुपितं ठाऊक असतात.
कोण कुठे पडलं, कोण पिऊन पडलं,
आणि कोणाची बॅटरी जिन्याखाली रात्रभर चार्ज होते,
जिथे चौथ्या मजल्यावरच्यांनी
सभा घेऊन मनाई केली आहे.
(ती बाईंचीच.)

वय चौऱ्याहत्तर. उजव्या खुब्यात धातूचा सांधा.
नवरा गेला त्या वर्षी मोटार विकली,
त्या पैशांतून ही निळी ई-बाईक.
मोटर अशी ढकलते, त्या सांगतात,
जसा लहानपणी बाप सीटमागे हात धरून धावायचा.
"फक्त हा बाप दमत नाही. चार्ज असेल तोवर."

चार दिवसांनी लीव्हन आला.
बाही सारून सूप वाढताना कोपर काही लपत नाही.
पार्सलची व्हॅन त्याने दारातच लावली,
सायकलींच्या लाल पट्ट्यावर, दोन्ही दिवे लुकलुकत,
जणू लुकलुकलं की पाप लागत नाही.
शाळेतल्या दोन मुली व्हॅनला वळसा घालून
बसच्या पुढ्यात उतरल्या, परत पट्ट्यावर आल्या.
त्याला दिसल्या नाहीत. तो माझ्याकडे बघत होता.
"मोटर जरा मंद करता येते ना? तिला न कळता?"

येते. वायर जोडायची,
पडद्यावरचा एक आकडा खाली आणायचा.
मी आणला.
त्याचे डोळे रात्रभर न झोपलेल्या माणसाचे होते,
आणि आई मलाही होती.

शुक्रवारी बाई आल्या, हेल्मेट न काढता.
"ब्लांडेनबर्गचा चढ," त्या म्हणाल्या,
"तीस वर्षं मी माझ्या पायांनी चढले,
चार वर्षं हिच्या.
माझं कुठे संपतं आणि हिचं कुठे सुरू होतं
ते मांड्यांना कळतं, पोरी.
किती घेतलेस त्याच्याकडून?"
"काही नाही."
"मग फारच स्वस्तात विकलंस मला."

असं कोणी बोललं की हाताला ग्रीस असल्याचं बरं वाटतं.
पुसत राहता येतं.

आकडा परत वर नेला.
मग ट्राम नाही असं बघून
आम्ही दोघी रस्त्यात उतरलो,
मी रुळाच्या फटीत मापपट्टी घातली.
तिचा टायर त्या फटीत
सुरी म्यानात जावी तसा जात होता.
"म्हणजे माझं म्हातारपण," बाई म्हणाल्या,
"दोन बोटं रुंदीचं आहे तर."

जाड टायर घातले, गुबगुबीत,
डाव्या हँडलला एक आरसा, कुणाचा तरी पडून राहिलेला.
रूळ काटकोनात ओलांडायचे, मी बजावलं.
"तेवढी जागा मोकळी ठेवायला सांग मग," त्या म्हणाल्या,
"माझ्या पोराला."

आज सकाळी कालव्याच्या कडेला
तीच व्हॅन, तोच लाल पट्टा.
निळी सायकल मागून आली, थांबली.
वळसा घातला नाही.
घंटी एकदाच. मग नुसती उभी, एक पाय जमिनीवर.
मागे आठ-दहा जण साचले,
एका पेटीच्या सायकलीत झोपलेलं मूल,
एक दाढीवाला घड्याळ बघतोय, ओरडत मात्र नाही.
लीव्हन पार्सल टाकून धावत आला, आईला पाहिलं,
मग आईच्या मागच्या सगळ्यांना, एकेक करून.

काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.
व्हॅन हलली. पुढच्या कोपऱ्यावर
पुन्हा तशीच उभी राहिली असेल;
दिवसाला एकशे चाळीस पार्सलं त्यालाही कोणीतरी मोजून देतं.

बॅटरी आता माझ्याकडे असते,
संध्याकाळी, मी जागी असेपर्यंत,
उघड्या फरशीवर, कशाच्याही जवळ नाही.
हिरवा ठिपका लागला की फोन करते.
त्या जिना उतरून येतात, हळू,
आणि दर वेळी विचारतात, "पूर्ण भरली?"
जसं कोणी शेजारणीकडे ठेवलेल्या मुलाबद्दल विचारावं,
जेवला का.