आकडा

कार्यवाहांनी शिट्टी दिली, टॉर्च दिला,
सत्तावीस नावांचा कागद दिला आणि म्हणाले,
"रिसबूड, तुमचं काम एकच. मोजत राहायचं."

रामबागेत बसमध्ये चढताना सत्तावीस.
भंवरकुव्यावर एकाला उलटी, तरी सत्तावीस.
सिमरोलचा घाट उतरून चोरलला पोचलो तर सव्वीस.
एक जण सीटखाली झोपलेला सापडेपर्यंत
माझ्या तोंडाला कोरड.

मोजणं मला नवं नाही.
विद्युत मंडळात एकतीस वर्षं मीटर वाचले.
जुनी इंदूरपासून मल्हारगंजापर्यंत
कुठल्या गच्चीवरून तारेवर आकडा पडलाय
ते मला गल्लीच्या तोंडाशीच कळायचं.
मी दिसलो की लोक पंखे बंद करत.
सुलभा म्हणते, तुम्ही आलात की
घरातही मुलं पुस्तकं उघडायची.

शिबिर मराठीचं. म्हणजे फलक मराठी.
मुलं म्हणतात, "काका, मच्छर काटतायत."
"काका, मला नींदच नाही येऊन राहिली."
मी व्याकरण बघत नाही, ओडोमॉस देतो.
अद्वय मुंगी रोज रात्री माझ्या फोनवरून
आईला सांगतो की त्याला घरची आठवण
बिलकुल येत नाही,
आणि मग माझ्या पंचाला नाक पुसतो.

साडेदहाची गणती पायांवरून.
चेहऱ्यावर उजेड पडला की जाग येते,
म्हणून टॉर्च खाली धरायचा,
पाय मोजायचे, दोनानं भागायचं.
पहिल्या रात्री चोपन्न.
दुसऱ्या रात्री चोपन्न, पैकी एक बँडेजात.
तिसऱ्या रात्री छप्पन.

परत मोजले. छप्पन.
कमी भरले तर काय करायचं ते कागदावर होतं:
शिट्टी, विहीर, नदी, पोलीस, पालक, या क्रमानं.
जास्त भरले तर काय,
ते कुणाला सुचलंच नव्हतं.

खिडकीजवळच्या पंख्याखाली, सतरंजीच्या अगदी काठावर,
टाचांना भेगा, अंगठ्याला वाळलेलं शेण.
बाहेर जाऊन चपला मोजल्या. सत्तावीस जोड.
चौकीदाराचा रेमसिंग.
दिवसभर पळसाआडून आमची रस्सीखेच बघणारा.
चौकीदाराच्या खोलीत पंखा नाही,
हे मी आल्या दिवशीच पाहिलं होतं.
नजर तिथेच जाते, काय करणार.

आकडाच होता. बिनमीटरचा,
आमच्या वाऱ्यावर टाकलेला.
अशा वेळी मी पिशवीतून पकड काढलीय,
तार उतरवलीय, पंचनामे केलेत,
बाया पदर तोंडाशी धरून बघत राहिल्यात.

बराच वेळ उभा राहिलो. डासांनी घोटे फोडले.
मग वहीत लिहिलं: सत्तावीस. सर्व ठीक.
खोटं रीडिंग. आयुष्यातलं पहिलं.
(दुसरं. पण ते वेगळं.)

पहाटे पाचच्या गणतीला बरोबर चोपन्न.
सतरंजीची कड हातानं सरळ केलेली.
अद्वयला विचारलं, रात्री तुझ्या शेजारी कोण होतं?
"कोई नहीं काका, सपना देखा होगा आपने,"
एरवी धेडगुजरी बोलणाऱ्याची हिंदी एकदम शुद्ध.
उशीखाली शेवेचा पुडा, अर्धा रिकामा.

पुढच्या चार रात्री छप्पन.
रेग्युलेटर तीनवर असायचा, मी पाचवर करायचो.

परतीच्या सकाळी बसच्या मधल्या वाटेतून
एकेका डोक्यावर हात ठेवत गेलो. सत्तावीस.
"पूरे हैं ना, साहब?" ड्रायव्हरनं विचारलं.
फाटकाशी रेमसिंग बकरीचा कान धरून उभा होता,
आमच्याकडे अजिबात न बघता.

मी पुन्हा पहिल्या सीटपासून सुरुवात केली.
"रिसबूड, झालं की!" कार्यवाह मागून ओरडले.
चौदाव्या डोक्यावर माझा हात होता
तेव्हा बस हलली.