सहा कंगवे

वेंगुर्ल्याच्या बाजारातून सहा कंगवे आणले,
दहा-दहा रुपयांचे, पाच लाल, एक हिरवा.
दुकानदार म्हणाला, एकदम सहा?
पोरांना उवा झाल्या की काय?
मी म्हटलं, नाताळ आलाय.
त्याला काही उमगलं नाही,
सुटे पैसे मात्र बरोबर दिले.

दुपारी ओसरीवर चटई घातली.
मैदा, मूठभर रवा, नारळाचा दाट रस,
दोन अंडी, कारण हेलनच्या कोंबडीने
या आठवड्यात तेवढीच दिली,
साखर अंदाजाने, मीठ चिमटीने.
मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली ठेवलं
तर तान्हं बाळ बघावं तशी
एकेक जण वाकून बघू लागला.
"उठला काय?"
"नाय गो, निजलाहा अजून."

कंगवे सहा आणि पोरं आठ.
ग्रेसी, आल्बर्ट, जुझे, मोचेमाडकरांच्या दोघी,
मुजावरांचा तौफिक, त्याची मामेबहीण,
आणि आमचा इनास, वय साडेचार.
उरलेल्या दोघांना काटे दिले.
पहिलं भांडण त्यावरून,
दुसरं हिरव्या कंगव्यावरून.

हात धुवा. परत धुवा.
सुपारीएवढी गोळी घ्यायची.
सुपारी रे जुझे, शहाळं नव्हे.
दातांवर दाबून चपटी करायची,
मग कडेने हळूच उचलून गुंडाळायची,
किनाऱ्यावर सापडतो तसला शिंपला झाला पाहिजे,
रेघारेघांचा, आतून पोकळ,
नाहीतर पोटात कच्चा राहतो.

दुर्वा मोचेमाडकरचे कुलकुल
तिच्या अक्षरासारखे, एकाला झाकावं, दुसरा दाखवावा.
आल्बर्टने वीस केले, सूपात अकराच दिसले.
नवाचा हिशेब त्याच्या ओठांवर
पांढरा पांढरा लागला होता.

इनासने कंगवा घेतलाच नाही.
भिंतीकडे तोंड करून
मघापासून एकच काहीतरी वळत बसला.

तळण माझं एकटीचं.
सगळ्यांना उंबऱ्यापलीकडे हाकललं,
तरी आठ नाकं आत.
तेल तापलं, कुलकुल पडले, चरचरले, वर आले,
बदामी झाले तसे झाऱ्याने काढून
पाकात घोळवले.
इनासचं ते काहीतरी शेवटी सोडलं.
कढईत एका कुशीवर कललं, फुगलं,
कुठूनही कुठलाच शिंपला नव्हतं.

मग ताटं भरली. वर क्रोशाचे रुमाल.
एक ताट कुबलांकडे,
पोस्टातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली,
अंगणात चेंडू गेला की अजून
रजिस्टर पत्रासारखी सही मागतात.
ताटात वरच इनासचं ते बसलेलं.
मी ते तळाशी सरकवलं.
फाटकापर्यंत पोचले तर परत वर.

संध्याकाळी कुबल स्वतः आले.
आमच्या पायरीवर, पहिल्यांदाच.
ताट रिकामं देऊ नये म्हणून
आमसुलांची पुडी आणि चार काजूगर,
आणि बाजूला, न खाल्लेलं, तेच.
"हो मासो कोणी केल्यान?"

"मासो न्हय तो," इनास माझ्या मागून.
"आगबोट आसा. पप्पा आसत ती."

कुबलांनी चष्मा कपाळावर चढवला,
ताट उजेडाकडे नेलं,
बराच वेळ उलटसुलट पाहिलं.
"तरीच म्हटलंय, कल्ले खंय दिसनत नाय."
मग अगदी खिडकीतून विचारावं तसं,
"खंयसून इली?"

इनासने विचार केला.
"तेलातसून."

त्यांनी मान हलवली, जसं पत्त्यात काही कमी नाही,
आणि आगबोट रुमालात गुंडाळून
परत घेऊन गेले.

रात्री मिस्साला निघायच्या घाईत
ग्रेसीने हाताला लागला तो कंगवा घेतला.
देवळात पुढच्या बाकावर तिच्या भांगात
वाळलेल्या पिठाचे कण,
आणि मी, हात जोडून,
ते एकेक वेचत होते.