अकरा वेळा

ऑशकॉशमधल्या एका तळघरात,
भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम चिकटवलेला,
मी कोमट पाणी पिते, हिरवं सफरचंद चावते
आणि सांगते:
मॉरीन प्लाचेकी अकरा वेळा गैरहजर होती.

काचेपलीकडे व्हॉसलर.
रणनीतिकार म्हणतात त्याला. पायातले मोजे दोन रंगांचे.
अकरावर थांब, तो म्हणतो.
आता जरा दुःखाने. राग नको, राग ओळखू येतो.
तू तिची शेजारीण आहेस असं समज,
बोलायचं नव्हतं,
पण राहवलं नाही म्हणून बोलतेयस.

कागदावर खोटं एक अक्षर नाही.
वकिलाने दोनदा वाचलाय.
अकरा मतदानं, तारखांसकट.
त्या तारखांना मिलवॉकीच्या इस्पितळात
ती नवऱ्याच्या सलाइनचे थेंब मोजत होती,
हे कागदावर नाही.
कागद तीस सेकंदांचा आहे.

फोटो कुणाच्या तरी दफनविधीतला.
पापणी अर्धी मिटलेली, ओठ वाकडा,
रंग पिळून घेतलेत, चोथा उरलाय.

हाच गळा मी गाद्यांच्या सेलला देते,
खोकल्याच्या औषधाला देते.
मागच्या खेपेला व्हॉसलरच्या विरोधकांनाही दिला होता.
त्याच्या लक्षात आहे.
छान घाबरवलं होतंस, म्हणतो,
म्हणून तर बोलावलं.

पैसे वेळेवर येतात.
ऑक्टोबरात मी आईच्या खोलीचे सहा महिने भरून टाकते.

फाँड द्यु लॅकच्या त्या खोलीत आई
खिडकीकडे पाठ करून टीव्हीसमोर बसते.
माझा चेहरा आता तिला लागत नाही,
कधी मी नर्स, कधी तिची मेलेली बहीण डोलोरेस.
आवाज मात्र लागतो.
हवामानाच्या आधी, बातम्यांच्या मध्ये,
दर वीस मिनिटांनी मी येते
आणि ती खुर्ची पुढे ओढते, केस सारखे करते.

कुठे होती ती? मी पडद्यातून विचारते.
इथेच होते गं, आई म्हणते.

ग्वेन सांगत होती,
दिवसातून वीसदा उत्तर देतात,
काल म्हणाल्या, चुकलं माझं, बस निघून गेली,
आणि जेवल्या नाहीत.

मी व्हॉसलरला काहीच बोलले नाही.
काय बोलणार होते?
दुसऱ्या जाहिरातीचा कागद आला, तोही वाचला.

मंगळवारी प्लाचेकी चारशे सहा मतांनी पडली.
बुधवारी माझ्या दारात चीजची टोपली,
वर त्याच्या सहीचं कार्ड.
आणि टीव्हीवर पुन्हा गाद्या, कुणा दुसरीच्या आवाजात.

लॉर्ना बोलत नाही हल्ली,
आई ग्वेनला विचारते, रागावली का?

रविवारी मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसते,
तिच्या बोटांवरचा सूपचा डाग पुसते.
म्हणते, आई, मी आलेय.

तिचा चेहरा उजळतो.
आणि ती वळते
बंद टीव्हीकडे.