मनगटाचा काटा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर,
मिक्सरची बटणं पाडणाऱ्या गाळ्याला लागून
आमची खोली. तासाला साडेतीनशे.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत.
मालक सांगतो, आवाज पितात.
पीत असतील. आमचा जरा जास्तच होतो.

सोम ते शुक्र मी वैधमापन निरीक्षक.
भाजीवाल्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे काटे तपासतो,
वजनांवर शिक्का मारतो,
पाच ग्रॅमची चोरी बोटांना कळते.
शनिवारी त्याच बोटांत काठ्या धरतो
आणि एका फटक्याचं वजन किती
ते मला सांगता येत नाही.

भांडण जुनं आहे.
होर्मझ म्हणतो, तू हाणतोस म्हणून मी अ‍ॅम्प वाढवतो.
मी म्हणतो, तू वाढवतोस म्हणून मी हाणतो.
डेरिकचा बेस या सगळ्याच्या खालून येतो,
शेजारच्या बिऱ्हाडातल्या भांडणासारखा,
शब्द नाहीत, नुसती भिंत थरथरते.
आणि इंदुलेखा, जिची ती गाणी आहेत,
गळ्याच्या शिरा ताणून गाते,
होडी निघून गेल्यावर धक्क्यावरून हाका माराव्यात तशी.
गेल्या महिन्यात ती एवढंच म्हणाली:
"तुम्हा सगळ्यांना बटणं आहेत.
याला नाही."

खरंच नाही.
मग झांजांना टेप लावली.
बेस ड्रमच्या पोटात उशी कोंबली, जुनी, कापूस गाठाळलेली.
वडिलांच्या दुकानातलं बाद झालेलं पन्नास ग्रॅम
स्नेअरवर ठेवून पाहिलं;
ते नाचत सुटलं आणि थेट होर्मझच्या बुटात.
शेवटी पाकीट ठेवलं.
महिनाअखेरचं होतं, फारसं दाबलं गेलं नाही.

घरी, कन्नमवार नगरात, सेट नाही. रबराची चकती आहे.
खालच्या मजल्यावर घाडीगावकर सिस्टर
रात्रपाळी करून दिवसा झोपतात.
फार झालं की झाडूच्या दांड्याने
छताला तीनदा ठोकतात.
नीट ठोकतात. लयीत.
माझ्याहून कितीतरी हलक्या हाताने,
आणि तरी मला पोचतं.

परवा पावणेनऊला अख्ख्या वसाहतीची वीज गेली.
अ‍ॅम्प मेले. माइक मेला. पलीकडचं यंत्र मेलं.
माझं काहीच मेलं नाही.
सगळी खोली माझ्या एकट्याची,
म्हणून दोन फटके मारले,
आणि सुतकाच्या घरात परात पडावी तसं झालं.
काठ्या मांडीवर ठेवल्या.
नुसत्या बोटांच्या पेरांनी ठेका धरला.
इंदुलेखा कुणाला न विचारता गाऊ लागली.

अंतऱ्याआधी ती श्वास घेते. छोटा, नाकातून.
दोन वर्षं नेमका तिथेच मी झांज हाणत आलो.
"आठवणींना खिडकी ठेव" अशी ओळ आहे.
मला वाटायचं, आठवड्याला खिचडी ठेव.
होर्मझच्या बिनविजेच्या तारा डासाएवढ्या वाजत होत्या.
आणि दुसऱ्या ओळीत डेरिक चुकीचा सूर लावतो.
दोन वर्षं लावतोय.
कुणी काही बोललं नाही.
त्यालाही ऐकू गेलं असणार,
अंधारात तो एकदम थांबला.

मग वीज आली.
पंखा, अ‍ॅम्पची गुणगुण,
पलीकडे पुन्हा बटणं पडायला लागली, सटासट.
होर्मझचा हात आवाजाच्या बटणापर्यंत गेला
आणि तिथेच राहिला, कमी नाही, जास्त नाही.
मी काठ्या उचलल्या. टोकाला नाही,
चमचा धरावा तशा मधोमध धरल्या.
एक, दोन, तीन,
मी तोंडातल्या तोंडात मोजलं.
डेरिक म्हणाला,
काय?
मोठ्याने बोल ना.